दुसरीचं उत्तर आपण लिहू नये

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत तरुण वाचकांसाठी म्हणून एक वेगळं कपाट आहे. त्यातली सगळी पुस्तकं मी एफवायच्या पहिल्या सहामाहीतच वाचून संपवली. त्यातून मला एवढंच कळलं की पोरगी प्रेमात पडली की तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक विहिरीकडे जाते आणि दुसरी स्पर्धा परीक्षा देऊन कलेक्टर ऑफिसकडे. प्रेमात पडून मग सुखानं भजी खात बसलेली पोरगी त्या अख्ख्या कपाटात मला सापडली नाही.

माझं नाव इरम्मा. आजीचं नाव ठेवलंय, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. कॉलेजात मी इरा सांगते. पण हजेरी घेताना सर मोठ्यानं "इरम्मा शांतलिंग" असं पुकारतात, आणि मागच्या बाकावरची चार पोरं हमखास हसतात. त्या चौघांची नावं मी लिहून ठेवली आहेत.

माझ्या शेजारी निखत बसते. मी अणदूरहून एसटीनं येते, ती नळदुर्गचीच. तिच्या खालाचं, म्हणजे मावशीचं, बाजारात शिलाईचं दुकान आहे. कॉलेज सुटलं की निखत तिथं बसून हुक लावते, तुरपाई करते. कपाटाबद्दलची माझी तक्रार तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "मग आपणच लिहू की एक कादंबरी. भजी खानाऱ्या पोरीची."

"दोघीत एक?"

"एकटीनं मला येवढं लिहायला व्हत न्हाय. आन् तुला एकटीला सोडलं तर तू थांबनार न्हाईस."

असं आमचं ठरलं. हीरो मी लिहायचा, हिरॉईन तिनं. एक प्रकरण माझं, एक तिचं. हीरोचं नाव मी मल्लेश ठेवलं, कारण आमच्या गावात खंडोबा आहे आणि मला वशिला लावायची सवय आहे. निखतनं नाक मुरडलं. "मल्लेश? त्याचं मेडिकलचं दुकान हाय का?" मला राग आला, म्हणून मी त्याला खरोखरच मेडिकलचं दुकान दिलं. तिनं हिरॉईनचं नाव शिवरंजनी ठेवलं आणि लगेच रंजनी करून टाकलं.

वही एकच होती, दोनशे पानी. ती कुणाकडे किती दिवस राहायची यावरून पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. तेव्हा मी म्हणाले, आपण करार करू. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. देव सव्वादहा महिने आमच्याकडे राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला जातो. नेता-आणताना दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करतात. देवावर भरवसा असतो, शेजारच्या गावावर नसतो. माझे वडील, अप्पा, दरवर्षी त्या गर्दीत मागे उभे राहून, आपल्याला कुणीतरी विचारलंय अशा थाटात मान डोलावतात.

"म्हंजे वही बी तुमच्याकडंच जास्त ऱ्हानार," निखत म्हणाली.

"देवाचं चालतं तर वहीचं का न्हाय?"

शेवटी तोडगा निघाला. सोमवार ते गुरुवार अणदूर, शुक्रवार ते रविवार नळदुर्ग. 'लिहून देणार इरम्मा, राहणार अणदूर, आणि निखत, राहणार नळदुर्ग, आम्ही राजीखुशीने व कुणाच्याही दबावाला बळी न पडता' अशी झोकात सुरुवात मी केली. वहीवर चहा सांडल्यास पान नव्यानं उतरवून द्यायचं, वगैरे कलमं घातली. मी सही करणार तेवढ्यात निखतनं पेन काढून घेतलं आणि खाली आणखी एक कलम लिहिलं. हीरो अणदूरचा, हिरॉईन नळदुर्गची. दुसरीच्या माणसाला परस्पर बोलायला लावायचं नाही. जिचं माणूस तिनंच त्याचं उत्तर लिहायचं.

"हे कशाला?"

"सरांनी मला काय इचारलं तर कोन उत्तर देतंय?"

खरं होतं. लोकांची वाक्यं संपेपर्यंत मला दम निघत नाही. कंडक्टर "अणदू..." म्हणतो तोवर माझं "हाफ न्हाय, फुल न्हाय, पास हाय" एवढं बोलून झालेलं असतं. साक्षीदार म्हणून खालांनी, म्हणजे जैनबबींनी, उर्दूत सही केली.

आता मल्लेशबद्दल. मला पोरं फारशी माहीत नाहीत. घरात एक धाकटा भाऊ आहे, त्याच्यावरून हीरो करावा अशी त्याची लायकी नाही. मागच्या बाकावरची चार सोडून दिली. मग उरलं काय? हात आपोआप लिहीत गेला. मल्लेश बोलण्याआधी कानामागे केस सारतो. सगळ्यांचं हसून झालं की मग एकटाच हसतो. पेरू कापला की बिया नसलेला भाग समोरच्याला देतो. रागावला की दातानं दोरा तोडतो. मेडिकलच्या दुकानातल्या पोराकडे दोरा कुठून आला, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मला काहीच कळत नव्हतं असं म्हणून मी साळसूदपणा करणार नाही. अर्धं कळत होतं. दिवाळीच्या आधी खालांनी माझ्या ड्रेसचं माप घ्यायला निखतला सांगितलं होतं. तिनं टेप माझ्या खांद्यावर धरली आणि आकडा सांगितला, तो मला ऐकूच आला नाही. कान असे तापले की खाला म्हणाल्या, "बुखार है क्या गे?" मी म्हणाले, ऊन लागलंय. नोव्हेंबर महिना होता. माझं वय अठरा पूर्ण, मतदानाचं कार्ड पाकिटात, आणि शेजारी बसणारी पोरगी मला आवडते एवढं स्वतःशी कबूल करायला मला तोंड नव्हतं. अशा मुलींसाठी शब्द आहे, तो मला मोबाइलमुळे माहीत होता. पण तो शब्द अणदूरला एसटीनं येतो-जातो असं मला कधी वाटलं नव्हतं.

दर शुक्रवारी दुकानात वाचन व्हायचं. खालांना मराठी वाचता येत नाही, कळतं सगळं. आम्ही आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचो आणि त्या मशीन चालवायच्या. प्रकरण रंगलं की मशीन थांबायची. मशीन थांबावी म्हणून मी एकदा उगाच मल्लेशला साप चाववला होता.

निखतची रंजनी मला अजिबात पटत नव्हती. ती कंडक्टरशी भांडायची, दुसऱ्यांचे डबे खायची, समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य पुरं करून टाकायची, आणि हरली की करारातलं कलम दाखवायची.

"असली भांडकुदळ हिरॉईन कुनाला आवडंल?" मी विचारलं.

"मल्लेशला आवडतीया की," निखत हुकांकडे बघत म्हणाली.

त्यावर खालांची मशीन थांबली. साप नाही, काही नाही. खालांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"एक बात बोलूं? ये तुमारा मल्लेश छोकरा नइं है. ये अपनी निखत है. और वो लडाकू छोकरी तू है, इरा. मैं समझी तुम दोनोंकू मालूम है."

निखतच्या बोटाला सुई टोचली. ती बोट तोंडात घालून बसली. मी उगाच वहीची पानं मागे-पुढे करत बसले. खालांनी "या अल्ला, मालूम नइं था" असं म्हणून मशीन पुन्हा चालू केली, आणि पहिल्यापेक्षा जोरात चालवली.

सोमवारी वही परत आली. तिच्या प्रकरणाच्या जागी एकच ओळ होती: 'रंजनी आजारी आहे. या आठवड्यात ती बोलणार नाही.' वर्गात निखत माझ्या शेजारीच बसली, पण मध्ये दप्तर ठेवून. दोन सेमिस्टर आमच्यात कधी दप्तर नव्हतं. सरांनी तिला प्रश्न विचारला, मी तोंड उघडलं, आणि तिनं पहिल्यांदाच स्वतः उत्तर दिलं. चुकीचं दिलं, पण स्वतः दिलं.

मला भीती वाटली. ती काय म्हणेल याची नव्हे. ती कधीच काही म्हणणार नाही आणि ते दप्तर तसंच मध्ये राहील, याची. टीवाय झालं की अव्वा, म्हणजे माझी आई, माझ्यासाठी स्थळं बघायला लागणार, हे आत्याला फोनवर सांगून झालेलं आहे. निखतचंही घरी काही वेगळं नसणार. म्हणजे दप्तर हलायला फार दिवस नव्हते.

बुधवारी मी वही उघडली. आधी मल्लेशला मुलगी केलं. नाव मल्लिका. मेडिकलचं दुकान तिच्याकडेच ठेवलं, उगाच कुणाचा धंदा का बुडवा. मग मल्लिका रंजनीला म्हणाली, "मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून आवडतेस ते पहिल्या दिवसापासून. हे त्याच्या वरचं आहे." एवढं लिहून झालं. इथं पेन खाली ठेवायला हवं होतं.

पण शुक्रवारला दोन दिवस होते. मग मी फक्त कच्चं म्हणून, नुसतं बघू या म्हणून, रंजनीला उत्तर द्यायला लावलं. रंजनी लगेच हो म्हणाली. नुसतं हो नाही, दोन पानं भरून. तिनं मल्लिकाच्या डोळ्यांना काय काय म्हटलं ते आता सांगवत नाही. मग दोघींनी भजी खाल्ली.

अव्वा दाराशी येऊन उभी राहिली. "काय लिहायलीस येवढं?"

"अभ्यास."

"अभ्यास करताना कुनी हसतंय व्हय?" असं म्हणून ती गेली. मी पानं फाडायला घेतली आणि फाडली नाहीत. इतकं चांगलं उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

शुक्रवारी मी वही तिच्या हातात दिली आणि बस आली नव्हती तरी पळाले.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर निखतनं मला स्टँडवर गाठलं. वही छातीशी धरलेली. चेहरा लाल. मी मनाची तयारी केली होती. ती म्हणेल शी, ती म्हणेल हे पाप आहे, ती म्हणेल यापुढे बोलू नको. तिची तिन्ही वाक्यं आणि त्यांवरची माझी उत्तरं रात्रीच पाठ केली होती.

"करार मोडलास," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या रंजनीला तू बोलायला लावलंस! दोन पानं! माझ्या पोरीच्या तोंडात तुझे शब्द."

"मग काय, न्हाय म्हनायला लावायचं होतं?"

"कायच म्हनायला लावायचं नव्हतं! ते माझं हाय, इरा." तिचा आवाज इतका चढला की बाकावरच्या दोन म्हाताऱ्या आमच्याकडे वळून बसल्या. तिनं तो खाली आणला. "तू इचारलंसच कुठं? इचारल्यागत केलंस आन् उत्तर बी देऊन मोकळी झालीस. मी हितं हुबी हाय, आन् तू तिकडं माझ्यासंगं भजी खाऊन बी आलीस."

मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणूस फार वाईट दिसतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी फार वापरत नाही, त्यामुळे ते जरा गंजलेले निघाले.

तिनं वही उघडून दाखवली. माझी ती दोन पानं तिनं चारी बाजूंनी टाचण्या लावून बंद केली होती. फाडली नव्हती.

"आन् मल्लिका?" मी विचारलं. "ती पन खोडायची?"

"ती ऱ्हाऊ दे. तुझं माणूस हाय, तू काय बी कर." मग जरा थांबून म्हणाली, "मल्लेश तसा बी मला पटत नव्हता."

तेवढ्यात अणदूरमार्गे जाणारी गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला धावले. एरवी त्या गर्दीत माझी खिडकी ठरलेली असते. त्या दिवशी मी जागची हलले नाही.

"इचार आता," निखत म्हणाली. "वहीत नक्को. तोंडानं."

माझा आवाज चालत्या एसटीला थांबवतो, हे सगळ्या आगाराला ठाऊक आहे. तो आवाज कुठं गेला होता देव जाणे. मी तिच्या चपलांकडे बघत म्हणाले, "निखत, मला तू आवडतीस. मल्लिकाला रंजनी आवडती तसली. मी तुला..." आणि पुढचं वाक्य कसंबसं पुरं केलं, "मी तुला आवडती का?"

ती कानामागे केस सारत उभी राहिली. "सोमवारी सांगते."

"सोमवारी!"

"शुक्रवार ते रविवार माझे दिवस हैत," ती म्हणाली. "तूच लिव्हलंयस."

तो रविवार मी कसा काढला ते मला विचारू नका. रविवारी अणदूरला दर्शनाला गर्दी असते, अप्पांनी मला चार वेळा आमच्या किराणा दुकानात बसवलं आणि मी तिघांना चहापत्तीच्या जागी साखर बांधून दिली. देवळातही जाऊन आले. पण मागितलं काही नाही. मागितलं असतं तर देवाच्या वतीनं उत्तरही मीच दिलं असतं. त्यापेक्षा नुसता भंडारा लावून घेतला आणि घरी आले.

सोमवारी वर्गात मध्ये दप्तर नव्हतं. मी त्यावरून काही ठरवायचं नाही असं ठरवलं, आणि दिवसभरात शंभरदा ठरवलं. कॉलेज सुटल्यावर आम्ही दुकानात गेलो. खालांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं, चहा सांगितला आणि मशीनवर बसल्या. आम्ही आत, कापडाच्या गठ्ठ्यांजवळ सतरंजीवर बसलो. मध्ये हुकांचा डबा.

"इरा," निखतनं सुरुवात केली. "मला ना..."

ती थांबली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं. एक नाही, चार आली, एकाहून एक देखणी. मी जीभ दातांत धरली.

"म्हंजे बघ," ती म्हणाली. पुन्हा थांबली. हुकांच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं. चहा आला. चहा संपला. बाहेर मशीन धडधड चालू होती, आणि मी मान वळवून पाहिलं तर सुईखाली कापडच नव्हतं. खाला भिंतीकडे बघत रिकामी मशीन चालवत होत्या, आमचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. मला एकदम फार जोरात रडावंसं वाटलं, पण ती पाळी माझी नव्हती.

"तू बाजूला बसली न्हाईस ना," निखत डब्याकडे बघत म्हणाली, "की सर काय शिकवतेत मला कळत न्हाय."

मी थांबले.

"बसलीस तरी कळत न्हाय." ती थांबली. "पन तवा न कळलेलं बरं वाटतं."

मी थांबले. आयुष्यात इतकी कधी थांबले नव्हते.

"मला भ्या वाटतंय. अम्मीचं. तुझ्या अव्वाचं. ह्या बाजारातल्या समद्यांचं. ते रंजनीला वाटलंच न्हाय, तू लिव्हलीस तिला. तिनं आपलं धाडकन सांगून टाकलं. मला तसं येत न्हाय. मी भेत भेतच सांगनार." तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर येतं तसं ते हसूही येऊ लागलं होतं. "हौ, इरा. तू आवडती मला. हौ."

मी लिहिलेल्या त्या दोन पानांत 'हौ' हा शब्द कुठंच नव्हता. मला तो सुचलाच नसता.

तिनं माझा हात धरला. बोटांना हुकांचा लोखंडी वास होता, आणि त्या शुक्रवारी सुई टोचलेल्या जागी बारकं खरखरीत टोक होतं. बाहेर मशीन चालूच होती.

"बोल की आता," ती म्हणाली. "आता बोल."

मला काहीच सुचलं नाही. मी नुसती तिच्याकडे बघत बसले, आणि ती, घाई न करता, माझी वाट बघत बसली.